वाळे

कानातला गुणगुणता आवाज एकदम चढला तसा काळुराम थांबला. दुर्गाडीच्या बुरुजाखाली, गवतात, त्यानं यंत्राची लांब दांड्याची थाळी दोनदा फिरवली आणि गुडघे टेकून सुरीनं माती उकरली. हिरवं पडलेलं तांब्याचं नाणं निघालं. शिवराई. बोटानं पुसून त्यानं ते खिशात टाकलं.

लढाईत, इटलीत, पुरलेले सुरुंग शोधायला त्याला हे यंत्र शिकवलं होतं. लढाई संपली, पलटणीतून नाव कमी झालं, आणि तसलंच एक यंत्र त्याला कल्याणला छावणीच्या भंगारात सापडलं. शाळेतले एक मास्तर जुन्या नाण्यांचे वेडे होते. त्यांच्यासाठी आठ दिवस तो किल्ला पालथा घालत होता.

तटाच्या दगडावर एक बाई बसली होती. काल होती, परवाही होती. आज ती उठून जवळ आली. सगुणा तिचं नाव, खाडीकाठच्या आगरी पाड्यातली. या यंत्राला राजाचे पैसेच कळतात की चांदीही कळते, असं तिनं विचारलं. धातू कुठलाही कळतो, काळुराम म्हणाला.

"मग माजी पोर शोधून दे," ती म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी तिची दीड वर्षाची आवडी तापानं गेली होती. गावाबाहेर चिंचेखाली तिला पुरली. पायातले चांदीचे वाळे काढून घ्यायला सासूनं हात घातला, पण सगुणानं ते काढू दिले नाहीत. पुढं तिथं लढाईची छावणी आली. गाव उठून खाडीकाठी गेलं, चिंच तुटली, जमीन सपाट करून बराकी उभ्या राहिल्या. आता त्यातल्या बऱ्याच पाडल्या होत्या आणि मोकळ्या माळावर सोमवारपासून नव्या घरांचे पाये खणणार होते. कुणाची कुदळ लागायच्या आत सगुणाला पोरीला उचलून पाड्याजवळ आणायचं होतं.

खड्डा किती खोल होता, काळुरामनं विचारलं. तिनं गुडघ्याला हात लावून दाखवला. यंत्राला दीड वीतभरच खालचं कळत होतं. पण सपाटी करताना वरची माती निघालीच असणार, असा त्यानं हिशेब केला. किती निघाली असेल, आणि मातीबरोबर काय काय गेलं असेल, हे मात्र तो बोलला नाही. त्यानं यंत्र खांद्यावर टाकलं.

दोघं चालत माळावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. लांबवर उरलेल्या बराकींत फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची बिऱ्हाडं होती. सगुणा कधी इकडून, कधी तिकडून चालून चिंचेची जागा आठवत राहिली. विहीर बुजली होती, बांध गेले होते. अखेर एका ठिकाणी ती थांबली. इथंच कुठंतरी, म्हणाली.

काळुरामनं थाळी खाली धरली. लगेच आवाज चढला. सगुणानं स्वतःच्या हातानं माती उकरली. खिळा निघाला. दोन पावलांवर पुन्हा आवाज. डब्याचं गंजकं झाकण. मग पितळी बटण, तारेचा तुकडा, काडतुसाची रिकामी नळी. प्रत्येक वस्तू ती पदरानं पुसून बघायची आणि मगच बाजूला ठेवायची. काळुरामनं शंभर पावलं तरी माळ पिंजला असेल. यंत्र गप्प राहील अशी हातभरही जागा मिळेना. चार वर्षं हजारो माणसं तिथं राहून गेली होती.

"काय बोलतं ते, मना ऐकू दे," सगुणा म्हणाली.

त्यानं यंत्राचा आवाज ऐकायचे कानावरचे तवे काढून तिच्या डोक्यावर नीट बसवले आणि थाळी सरकवत नेली. ती डोळे मिटून त्याच्या मागोमाग चालली. तिचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू विझत गेला.

काळुरामला ते बघवेना. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं. एके ठिकाणी थाळी टेकवून त्यानं तिच्या कानावरचा तवा थोडा वर केला.

"बाई, इथंच आहे तुझी पोर. वाळ्यांचाच आवाज आहे हा. आता उकरू नकोस, इथली मूठभर माती घेऊन जा."

सगुणानं त्याच्याकडं बघितलं. त्याचा राग तिला आला नव्हता.

"मगाशी तिकडं बी हाच आवाज होता दादा," ती म्हणाली. "आन् त्याच्या आधी बी."

तिनं तवे काढून त्याच्या हातात दिले. उन्हं उतरली होती. काळुरामनं दांडा दुमडला, पट्टे आवळले, यंत्र पाठीला लावलं आणि वाटेला लागला. वीसेक पावलांवर त्याच्या ध्यानात आलं की ती मागं येत नाहीये.

सगुणा होती तिथंच उभी होती. लुगड्याचा घोळ तिनं दोन्ही हातांनी वर धरला होता आणि ती खाली बघत होती. एक पाय उचलायची, पुढं न्यायची, आणि पुन्हा होता तिथंच आणून टेकवायची. तो परत गेला, हात पुढं केला. तिनं तो धरला नाही.

"कुठं पाय ठेवू सांग," ती म्हणाली.

बराकींतल्या तीन बायका पाण्याच्या बादल्या घेऊन माळ तुडवत आल्या. उभ्या असलेल्या बाईला त्यांनी वळसा घातला आणि आपापसांत बोलत त्या पुढं निघून गेल्या. बादल्यांतलं पाणी हिंदकळून वाटभर सांडत होतं, आणि माती ते तिथल्या तिथं पीत होती.