हरवल्याचा दाखला

"दाखला देला नं तुमाले? आता काय पायजे?" हवालदाराने मान वर न करताच विचारलं.

"माह्या पोतीच्या तक्रारीची नक्कल पायजे, साहेब."

"ठाणेदार साहेब आले का पाहू. बसा तिकडं."

सुचिता बाकावर जाऊन बसली. पंधरा दिवसांतली ही तिची चौथी खेप. बाजारात मेथी-पालक विकून ती पायी घरी निघाली होती, तेव्हा मागून आलेल्या मोटारसायकलवाल्याने तिच्या गळ्यातली पोत ओढून नेली. तिने त्याच पावली ठाण्यात येऊन सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, सही घेतली, शिक्का मारून कागद दिला. घरी जाऊन नीट पाहिलं तर कागदावर एवढंच होतं, ‘सोन्याची पोत गहाळ झाली.’

सासू, झुंबरबाई, तिला वाईट बोलली नाही. फक्त भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, "गळ्यातली पोत अशी कशी हरवते वं?" त्याच आठवड्यात सुचिताच्या भावाने विहिरीवर नवी मोटर बसवली होती. घराला दोन गोष्टी जोडायला वेळ लागला नाही. नवरा आधी तिची बाजू घ्यायचा. हल्ली तोही खाली मान घालून जेवायचा आणि उठून जायचा.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. धुवट धोतर, बंडी, पांढरी टोपी.

"दाखवा बरं तो कागद," तो म्हणाला.

चष्मा लावून त्याने कागद दोनदा वाचला.

"हे तं हरवल्याचं हाय, बाई. तुमची पोत ओढली नं?"

"मी तेच सांगून राह्यली, बाबाजी. ऐकते कोण?"

"याच्यात गुन्हाच दाखल नाही, मंग नक्कल कायची देतीन? पहिले गुन्हा नोंदवा लागते. नोंदवला का नक्कल तिथंच हातात द्या लागते. फुकट. कायद्यात हाय तसं."

"तुमी वकील हाय का?"

"नाही वं. गावाचा कोतवाल होतो. कागदंच वाहिले जन्मभर."

तो उठून टेबलापाशी गेला. सुचिता मागोमाग गेली.

"साहेब, या बाईचा गुन्हा नोंदवा."

"तुमी कोण? यायचे नातेवाईक?"

"नाही."

"मंग तुमचं काय काम हाय इथं?"

"हाय माहं काम. पण या बाईचं झाल्याबिगर मी माहं सांगत नाही." म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही. "नोंदवत नसान तं तसं लिहून द्या. आमी बुलडाण्याले एसपी साहेबाकडे अर्ज धाडतो."

तेवढ्यात ठाणेदार आत आले. त्यांनी तो दाखला मागून घेतला, हवालदाराकडे पाहिलं आणि सुचिताला विचारलं, "बाई, हरवली का हिसकावली?"

"हिसकावली, साहेब. आठ दिवस वळ होता गळ्यावर."

मग सगळं पहिल्यापासून लिहिलं गेलं. जागा, वेळ, मोटारसायकलचा रंग. म्हातारा भिंतीला टेकून ऐकत होता. ती वळाचं सांगत होती तेव्हा त्याने टोपी काढली, पुसायचं काही नसताना कपाळ पुसलं आणि पुन्हा घातली. दीड-दोन तासांनी यंत्रातून कागद निघाले. ठाणेदारांनी सही केली, हवालदाराने शिक्का मारला आणि नक्कल तिच्या हातात आली. कोणी काही मागितलं नाही.

‘अनोळखी इसमाने फिर्यादीच्या गळ्यातील पोत जबरीने हिसकावून नेली.’

सुचिताने ते वाक्य तीनदा वाचलं. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. पोत मिळो, न मिळो. आज चुलीपाशी बसून ती हे वाक्य मोठ्याने वाचणार होती, झुंबरबाईला ऐकू जाईल असं.

ती रस्त्यापर्यंत गेली आणि थबकली. म्हाताऱ्याशी आपण धड दोन शब्दही बोललो नाही. नावसुद्धा विचारलं नाही. ती लगबगीने परत फिरली.

म्हातारा ठाणेदारांच्या टेबलासमोर उभा होता. त्याने बंडीच्या खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला होता आणि ठाणेदार वाकून पाहत होते. दारातून सुचिताने पाहिलं. रुमालात तिची पोत होती.

"अहो, हे सकाळीच दिलं असतं तर बाईला एवढं ताटकळावं लागलं नसतं," ठाणेदार म्हणाले.

"मंग हरवलेली सापडली म्हणून मिटलं असतं, साहेब," म्हातारा म्हणाला. "आता ते अनोळखी खोडा अन् नाव लिहा. शिवम हिंमतराव, वय सव्वीस. बाहेर गेटापाशी उभा केला हाय त्याले. मी हिंमतराव, त्याचा बाप."