कर्तबगार थोरली

थोरल्या बहिणीला 'कर्तबगार' म्हणण्यात दोन्ही भावांचा फायदाच फायदा होता. एवढा एक शब्द खर्चला की अंथरुणाला खिळलेली आई बारा महिने तिच्याकडे. त्यामुळे तो शब्द ते सढळ हाताने वापरत. आज मात्र थोरली मेटाकुटीला आली होती. पोटातली गाठ लगेच काढली नाही तर प्रकरण हाताबाहेर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढे दिवस आईला ठेवायचं कुठे? आईच्या खोलीच्या दारातच उभं राहून तिने फोन लावले.

"अगं ताई, तुझी कुवत आमच्यात कुठली?" मधला म्हणाला. "आईला नुसतं कुशीवर वळवायचं म्हटलं तरी माझे हात कापतात."

"ताई, तू म्हणजे वाघीण!" धाकटा म्हणाला. "ऑपरेशन जरा पुढे ढकल ना. तुला काय, सहज जमेल."

"नाही रे जमणार. पाया पडते तुझ्या," ती म्हणाली; पण तोवर त्याने फोन ठेवलाही होता.

डोळे पुसून, भाताची वाटी घेऊन ती आईजवळ बसली. आईने ओठ घट्ट मिटून घेतले.

"आई, आ कर गं. दोनच घास."

"आता गिळायलाच जमत नाही गं," आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तू आपली ऑपरेशनची तारीख घेऊन टाक."

सकाळीच आईने वाटी चाटूनपुसून संपवली होती, आणि वर आणखी भात मागून घेतला होता.