फ्रिजचं दार

"अहो, हे काय केलंत?" स्वयंपाकघरात पाऊल टाकताच ती ओरडली. फ्रिजचं नवंकोरं स्टीलचं दार त्यांनी तारेच्या घासणीने गोल गोल घासून पार धुरकट करून टाकलं होतं.

सगळा जन्म स्टीलला पॉलिश करण्यात गेलेला माणूस! मऊ फडकं, कोमट पाणी आणि हात स्टीलच्या रेघांच्या दिशेनेच फिरवायचा, हे नव्या नवरीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. सिंकपाशी तारेची घासणी नुसती दिसली तरी घर डोक्यावर घ्यायचे.

"डाग होता," ते खाली बघत म्हणाले.

"एवढा? दारभर?"

"वय झालं गं. चुकतो हात."

डोक्याचा रुमाल सारखा करून तिने दूध बाहेर काढलं. तिची केमो सुरू झाल्यापासून बाथरूममधला आरसा 'फुटला' होता आणि कपाटाचा 'दुरुस्तीला' गेला होता. काल याच दारासमोर ती रुमाल सोडून बराच वेळ उभी होती, तेव्हा मागे आलेली त्यांची पावलं तशीच परत फिरलेली तिने ऐकली होती.

थंडी सरल्यावर एका सकाळी ती रुमाल न बांधताच बाहेर आली. माळ्यावरून काढवून घेतलेली त्यांची पॉलिशची पेटी तिने त्यांच्यापुढे ठेवली.

"पुरे झालं तुमचं वय. दार लख्ख करा बघू, मला भांग पाडायचाय."