आवाज नसलेले बाबा

संगणकानं पुन्हा नकार दिला. या फाइलचा प्रकार ओळखता येत नाही, असं पडद्यावर आलं. उत्कर्षनं ती ओळ वाचली आणि बहिणीकडे पाहिलं.

"कार्डाले काही केलं त नाही ना तू, ताई?"

"मी काहून करू? कार्ड मायच्या पेटीत होतं. आन पेटीची किल्ली तुह्यापाशी होती," मंजुषा म्हणाली.

कार्ड त्यांच्या बाबांच्या, शेषरावांच्या, बटणांच्या मोबाइलमधलं होतं. शेषराव वारले. मागोमाग बॅटरी फुगून मोबाइलही गेला. राहिलं ते नखाएवढं कार्ड आणि त्यावर शेवटच्या आजारपणातला एकच व्हिडिओ. मंगरूळपीरच्या घराचं काय करायचं ते बाबांनी त्यात सांगून ठेवलंय, याबद्दल मात्र भावा-बहिणीचं एकमत होतं. उत्कर्षच्या मोबाइलमध्ये कार्ड टाकायला मंजुषा तयार नव्हती. तिच्या मोबाइलमध्ये टाकायला तो तयार नव्हता. म्हणून मेडशीहून ती आली, वाशीमहून तो आला, आणि आई पंचफुलाला मध्ये घेऊन दोघं बसस्टँडजवळच्या हेमसिंगच्या दुकानात बसले. हेमसिंगचा संगणक सुरू व्हायलाच चहा पिऊन होईपर्यंत वेळ घ्यायचा. पण तो दोघांपैकी कुणाचाच नव्हता, हा त्याचा मोठा गुण.

"नाव बदल त्याचं," उत्कर्ष म्हणाला. "शेवटी एमपी फोर लिही. चालते मंग."

हेमसिंगनं लिहिलं. फाइल नव्या नावानं तशीच अडून बसली.

"पाटी बदलून काय होते, भाऊ? ह्या प्लेअरले मोबाइलची जुनी फाइल समजतच नाही. दुसरा टाका लागते."

दुसरा प्लेअर उतरवला, तर तो म्हणाला, तुमचा संगणक जुना आहे. मग हेमसिंगनं ड्रॉवर उपसून एक सीडी काढली, शर्टाला पुसली आणि आत सरकवली. मंजुषा उठली. मोबाइल काढून ती त्याच्या हातांचं शूटिंग करू लागली. उत्कर्षनंही आपला काढला. तो बहिणीचं करू लागला.

हेमसिंगचा माउस थांबला. "पाहा, उद्या साक्षीले बोलावसान त मी येत नसतो. आंधीच सांगून ठेवतो."

चित्र उमटलं. बाजेवर उशाला टेकून बसलेले बाबा. पांढरं बनियन, दाढीचे खुंट, डोळे मात्र जागे. क्षणभर दोघांचेही मोबाइल खाली आले. बाबांचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

"आवाज कोनं काढला?" दोघांनी एकदमच विचारलं.

"कोनंच नाही काढला. चित्र उलगडाची चीज येगळी, आवाजाची येगळी. चित्राची सीडीत होती. आवाजाची आता नेटवरून उतरवतो. बसा."

नेट मुंगीच्या पावलानं चाललं होतं. तेवढ्या वेळात मुके बाबा पुन्हा पुन्हा बोलत राहिले, आणि त्यांचं बोलणं लावायला दोघं बसले.

"पाह्य, ओठ मिटले," मंजुषा पडद्याजवळ सरकली. "मंजू म्हटलं. आता हात वर केला. वरच्या खोल्या मंजूच्या, असं म्हणून राह्यले."

"मंजू नाही, माय म्हटलं," उत्कर्ष म्हणाला. "माय मंजूकडं राहीन, असं हाय ते. आन हात घरावून फिरवला. म्हंजे सारं घर उत्कर्षचं."

"वा रे वा! माय मह्याकडं काहून? मह्या घरी सासू हाय. मायले तूच पाहाचं, असंच म्हटलं बाबानं. थे पाह्य, मान हलवली."

"मह्या दोन खोल्यायत कुठं ठेवू? बाबाले मालूम नव्हतं काय?"

हेमसिंग खाली मान घालून ऐकत होता. दर खेपेला घराचे तुकडे वेगळे पडत होते. कधी वरचा मजला इकडे, कधी अंगण तिकडे. आईची मात्र एकच रीत ठरली होती. जो बोलेल त्याच्याकडून ती समोरच्याकडे जात होती.

"मावशी, तुमी त पाहून राह्यल्या," त्यालाच राहवलं नाही. "तुमाले काय समजते?"

पंचफुलानं पदर सारखा केला. पोरांच्या तोंडांकडे पाहत होती, ती तशीच पाहत राहिली.

"आवाज येऊ दे बापा. मले काई घाई नाही."

संगणकानं एक टिंग केलं. हेमसिंगनं व्हिडिओ पहिल्यापासून लावला, आवाजाची रेघ वर ढकलली. खर्रर्र झालं, पंख्याची घरघर आली, आणि बाबा दुकानात बोलू लागले.

"मोबाइल हालवू नोको, पंचफुला. नीट धर."

उत्कर्षनं झटकन आईकडे पाहिलं. समोरचं माणूस बोलतंय तर मोबाइल कुणाच्या हातात असेल, हे एवढ्या दिवसांत दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

"घर तुह्या नावानं करून देलं," बाबा म्हणत होते. त्यांनी हात वर केला, घरावरून फिरवला. "पोरायले इतक्यात सांगू नोको. माय मह्याकडं चाल, असं आंधी त्यायच्या तोंडून निघू दे. मंग सांगजो."

व्हिडिओतूनच, अगदी जवळून, आईचा आवाज आला.

"आन कोनाच्याच तोंडून नाही निघालं त?"

पडद्यावरचे बाबा हसले.

"मंग कायले भेतं? घर हाय ना तुह्यं."