आडवा बोनिफात्सी

"करवत खाली ठेवा, मावशी!" वनरक्षक सेवेरिन कुंपणापलीकडून ओरडला. "जंगलातलं पडलेलं झाड पडलेलंच राहू द्यायचं!"

लेओकादियाने करवत टाकली. बियाण्याच्या बटाट्यांची सहा पोती अंगणात कोंब काढून बसली होती आणि कुंपणालगतच, शेताच्या वाटेवर हे बारा वर्षांपूर्वी कोसळलेलं स्प्रूसचं झाड. दरवर्षी नवरा पोती खांद्यावर घेऊन वळसा घालायचा. यंदा ईस्टरपासून तोही आडवा होता, सफरचंदाच्या झाडाखालच्या बाकावर. कंबर धरली म्हणे. जेवणाच्या वेळेला मात्र बरोबर सुटायची. म्हणून खोड कापून पोती हातगाडीने न्यायचं तिने ठरवलं होतं. मे निम्मा सरला होता. आता बटाटे मातीत गेले नाहीत तर हिवाळ्यात खायचं काय, या काळजीने तिची झोप उडाली होती.

सेवेरिन भक्तिभावाने खोडावर वाकला. "याला मेलेलं म्हणू नका. हे शेवाळ बघा, या अळंब्या. आत भुंगेरे आहेत, त्यांच्यावर सुतारपक्षी जगतोय. आणि ही स्प्रूसची पिल्लावळ, याच्याच पाठीवर रांगेत उगवलीय! उभं होतं तेव्हा इतक्यांना पोसलं नसेल."

"ऐकलंस?" बाकावरून बोनिफात्सी म्हणाला. "जो पडून राहतो तोच जगाला पोसतो. मला हलवू नकोस, बये."

लेओकादिया खुराड्यात गेली. खुडूक कोंबडी आणि झाकलेली टोपली घेऊन आली. नवऱ्याच्या पोटावर शाल पसरून तिने सगळा संसार तिथेच मांडला.

"पोस मग. पाद्रीबाबांकडची अंडी आहेत, बारा. एकवीस दिवस हलायचं नाही. एक जरी फुटलं तर रविवारी चर्चमध्ये तोंड तू दाखवायचंस."

बोनिफात्सीचं नाक खाजलं. हात वर करताच कोंबडीने मनगटाला टोच मारली. तंबाखू खिशात होती आणि खिसा कोंबडीखाली. अर्धा तासही झाला नसेल.

"अगं, उचल हिला!"

"आणि बटाटे?"

"मी लावतो, माझे आई!"

शेवटचं पोतं रिकामं करून तो मातीने माखलेला परतला. अंडी परत ठेवलेल्या टोपलीशी येऊन हळूच म्हणाला, "फुटलं नाही ना एखादं? पिल्लं कधी निघतील?"

"पिल्लं कसली रे! कोंबड्यांना फसवायची लाकडाची अंडी ती," लेओकादिया म्हणाली. "पण सेवेरिनचं खरं हो. मेलेल्या लाकडातून तू निघालास की!"