बेचाळीस सेकंद

"हा शॉट काढा," निर्माता म्हणाला, आणि संकलन करणाऱ्या बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

पडद्यावर एक बाई नवऱ्याच्या शर्टांच्या घड्या घालत होती. राहतं घर विकलं, सह्या झाल्या, त्यात तुला काय विचारायचं, असं सांगून नवरा नुकताच बाहेर पडला होता. ती काही बोलली नाही. तिने कॉलर सरळ केली, बाह्या मागे दुमडल्या, दुसरा शर्ट घेतला. बेचाळीस सेकंद नुसत्या घड्या. पुढच्या शॉटमध्ये तिने तेच शर्ट खिडकीतून रस्त्यावर फेकले आणि दाराला आतून कडी घातली.

शेजारच्या पडद्यावर भाच्याचा आलेख होता. हा संकलक बाईंच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा मुलगा. गणितात हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. पात्राची मनःस्थिती दर सेकंदाला आकड्यात मोजायची, आधीच्या सेकंदावरून पुढचा काढायचा आणि हिशेबात न बसणारी उडी आली की तिथे लाल टिंब टाकायचं, असं त्याचं मॉडेल. निर्मात्याला ते भलतंच आवडलं होतं. घड्यांच्या शॉटनंतर भलंमोठं लाल टिंब पडलं होतं.

"शून्यावरून एकदम उणे नऊ, मावशी," भाचा म्हणाला. "बेचाळीस सेकंद ती शांत आहे. रेघ हललेलीसुद्धा नाही. आणि पुढच्या सेकंदाला एवढा भडका? असं माणूस नसतं."

"असतं. तुला दिसलं नाही म्हणून नसतं होय रे?"

"ताई, चिडू नका," निर्माता घड्याळाकडे बघत म्हणाला. दोन वाजता चित्रपट आवाजवाल्यांकडे जायचा होता, मग कुणालाच त्यातलं काही हलवता येणार नव्हतं. "दुसऱ्या टेकमध्ये ती रडलीय ना? तो लावा. आधी रडली, मग चिडली. प्रेक्षकांना कळायला नको?"

"मी चिडू नको तर काय आरती ओवाळू?" संकलक बाईंनी खुर्ची गर्रकन फिरवली. "अख्ख्या सिनेमात एवढा एकच शॉट खरा आहे. बाकी सगळं तुम्ही मागितलं तसं कापून दिलं, एका शब्दाने बोलले नाही. हा देणार नाही. हवं तर स्वतः कापा आणि माझं नाव काढून टाका."

निर्मात्याने भाच्याकडे पाहिलं.

"मावशी, हे माझं मत नाहीये. गणित आहे," भाचा समजुतीच्या सुरात म्हणाला. तो सूर तर बाईंना अजिबात सहन होईना.

"ही शांत आहे, असं गणिताला कोणी सांगितलं?"

"तीन हजार शॉट मी स्वतः बघितलेत. एकेकावर शिक्का मारलाय. आनंद, दुःख, भीती, राग, शांत. त्यावरून मॉडेल शिकतं."

"आणि तू कशावरून शिकलास?"

भाचा हसला. "ते काय शिकावं लागतं? माझ्याच आईला बघ ना. बाबा घर डोक्यावर घेऊन बाहेर पडले की ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालते. तोंडातून एक शब्द नाही. मी लहानपणापासून बघतोय. तिच्याइतकं शांत माणूस मी पाहिलेलं नाही."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. तिच्याइतकं शांत! लहानपणी बाईंची चेष्टा केली म्हणून गल्लीतल्या पोराचा दात पाडणारी त्यांची थोरली ताई. त्यांना संताप आला, आणि तो भाच्यावर की मेव्हण्यावर की स्वतःवर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इतकी वर्षं त्यांनी तरी ताईला कुठे काय विचारलं होतं?

"विचारलंस कधी तिला?"

"काय विचारायचं?"

"अहो, मग लावा की फोन!" निर्मात्याला एकदम मजा वाटली. "आई शांत होती म्हणाली तर शॉट गेला. नाही म्हणाली तर राहिला. मिटवा एकदाचं. मंजूर, ताई?"

"मंजूर," बाई म्हणाल्या.

भाच्याने फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. तिसऱ्या घंटेला आईने उचलला.

"काय रे, आत्ता कसा फोन? जेवलास?"

"जेवतो. तू काय करतेयस?"

"काही नाही. कपड्यांच्या घड्या."

निर्माता खुदकन हसला. भाचा हसला नाही. तो जरा पुढे वाकला.

"बाबा कुठेयत?"

"गेले बाहेर मघाशी."

"आई, एक विचारू? बाबा आरडाओरडा करून गेले की तू घड्या घालायला बसतेस ना... तेव्हा तुला काय वाटत असतं?"

पलीकडे कापड झटकल्याचा आवाज आला आणि थांबला. निर्माता घड्याळाकडे बघायचं विसरला.

"फाडून टाकावेसे वाटतात," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, सरळ. "एकूण एक. पण फाडले तर शिवायलाही मलाच बसावं लागेल ना रे. म्हणून घड्या घालते."