विरामाची जागा

सकाळी नऊ वाजता नकलनवीसाने चष्मा पुसला, कपाट उघडले आणि दिवंगत संगीतकाराची अपुरी रचना टेबलावर घेतली. काल एकवीस ओळी होत्या, आज बावीस.

"वहिनी," तो संगीतकाराच्या पत्नीला म्हणाला, "अक्षर सरांसारखं जमलंय. पण हे त्यांच्या नावावर छापता येणार नाही."

"माझी टाळीसुद्धा ठेक्यात पडत नाही, भावजी. आणि कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात असते."

त्याने नवी ओळ निरखली. सर ओळीच्या शेवटचा विराम लिहायला नेहमी विसरत आणि तो गुपचूप भरत असे. हे सर आणि तो यांच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. याही ओळीत ती जागा कोरी होती. शाई ओली होती.

त्याने विराम भरला, सरांच्या पेनात शाई घातली, पेन कागदांवर ठेवले आणि कपाटाला कुलूप लावले.